स्टारडस्टच्या एका चिपच्या बदल्यात गोव्याच्या पाच, सौदा रास्त आहे का?

डिचोलीकर:
माझे मामा तारवटी, बरीच वर्षं क्रूझवर होते. त्यांनी दिलेल्या डब्यात जहाजांवरच्या कॅसिनोंच्या चिप्स (खेळताना पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) आहेत आणि लास वेगासच्या स्टारडस्ट कॅसिनोची एक डॉलरची चिपही. पुण्याचा एक संग्राहक तिच्या बदल्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवरच्या शंभराच्या पाच चिप्स देतोय. घरचे म्हणतात, एका डॉलरला पाचशे रुपये, देऊन टाक. मला पटत नाही. पण आम्हा गोंयकारांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी, त्यामुळे या चिप्स दुसऱ्याच्याच हातून मिळणार. काय करू? आणि टपालाने आधी कोणी पाठवायचं?

मडगावचा संग्राहक:
छापलेल्या आकड्याला आकडा लावू नका, तो हिशेब चालू कॅसिनोपुरता. स्टारडस्ट २००६ च्या नोव्हेंबरात बंद झालं, पुढच्या मार्चमध्ये इमारत पाडली. तिथे आता रोख देणारी खिडकीच नाही. कॅसिनो बंद झालं की शिल्लक चिप्स नष्ट करतात, लोकांच्या खिशात राहिल्या तेवढ्याच उरतात. तरी प्रत्येक बंद कॅसिनोची चिप दुर्मीळ असते असंही नाही. एक डॉलरच्या चिप्स आठवण म्हणून पुष्कळांनी ठेवल्या. म्हणून विक्रेते काय मागतात ते सोडा, तशीच चिप खरोखर कितीला विकली गेली ते बघा.

त्याच्याकडून दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा, तिरप्या उजेडात काढलेले. कडा झिजली की मोल उतरतं. त्या पाचही रोख मिळणाऱ्या आहेत ना, हे स्पष्ट विचारा. प्रमोशनच्या चिप्सवर खेळता येतं, त्या वटवता येत नाहीत. तुमच्या चिपला भोक किंवा खाच असेल तर तुम्हीही आधीच सांगा. रद्द केलेल्या चिपची ती खूण. आणि कृपा करून ती घासूनपुसून, तेल लावून चकचकीत करू नका! कळणाऱ्याला कळतं, आणि न कळणाऱ्याला फसवणं तर त्याहून वाईट.

म्हापशेकर:
ज्याचे आधीचे व्यवहार कमी, त्याने आधी पाठवायचं, अशी छंदातली जुनी रीत. मी तसं सांगणार नाही. दोघांनी एकाच दिवशी स्पीड पोस्ट करा आणि पावतीवरचे नंबर एकमेकांना कळवा. चिप दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बसवा. पण तो बोटींवर खेळायला येतोच ना? मग पणजीत कदंब स्टँडवर भेटा की.

डिचोलीकर:
विचारलं. पाचांतल्या दोन प्रमोशनच्या निघाल्या. त्याने लगेच खरं सांगितलं, ते मला आवडलं. त्या दोन परत ठेवून तो आता बंद पडलेल्या दुसऱ्या एका कॅसिनोची चिप देतोय. मी तिचे भाव बघतो, मग पणजीतच भेटू म्हणतो.