मदत हवी आहे: वसाहतीच्या मासिक अंकासाठी नवे विषय कुठून आणायचे? (नेरूळ)

नेरुळची_शेजारीण

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीचा चार पानांचा मासिक अंक निघतो. निघतो म्हणजे पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरतो आणि एक प्रत जिन्याखालच्या नोटिसबोर्डावर लागते. त्यातलं शेवटचं पान माझ्याकडे आहे. सहा-सातशे शब्द, आपल्या परिसराबद्दल काहीही. हौसेनं हो म्हटलं, आणि आता महिन्याची वीस तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो.

सगळ्यांना सुचतं ते सगळं लिहून झालंय. फ्लेमिंगो, पाम बीच रस्ता, वाशीचा हापूस, बेलापूरचा किल्ला, पावसातला पांडवकडा, विमानतळ. विमानतळावर तर दोनदा. एकदा होणार होणार म्हणून आणि एकदा झाला म्हणून.

दिनविशेष धरून लिहून पाहिलं. जागतिक चिमणी दिन, जागतिक पाणी दिन वगैरे. ते कुणीच वाचत नाही, आणि मला ते पटतं, कारण मीही वाचलं नसतं. लेकीनं फोनमधल्या एआयला विचारून दिलं, तर त्यानं "नवी मुंबई: नियोजनाची गाथा" आणि "मॉर्निंग वॉकचे फायदे" असे वीस विषय झटक्यात काढून दिले. ते नाशिकलाही चालतील आणि नांदेडलाही. नवरा म्हणतो पार्किंगवर लिही. पार्किंगवर लिहिलं तर अंकच बंद पडेल.

अडचण अशी की जुन्या ठाण्यात किंवा गिरगावात राहणाऱ्यांना कोपऱ्याकोपऱ्यावर काहीतरी सापडतं. आमच्याकडे सेक्टर नंबर, प्लॉट नंबर आणि स्टेशनावरची मोठमोठी छतं. पन्नास वर्षांच्या शहरात जुनं काय शोधणार?

अटी सांगून ठेवते. राजकारण नको, कमिटीला चालत नाही. महिनोन् महिने संशोधन करायला वेळ नाही. पायी किंवा एनएमएमटीच्या बसनं जाऊन एका सकाळीत होईल असं हवं. आयते विषय दिलेत तरी चालतील, पण तुम्ही स्वतः विषय शोधता कसे ते सांगितलंत तर जास्त बरं.

घणसोली_लोकल

रेसिपी टाका. रेसिपी सगळे वाचतात.

नेरुळची_शेजारीण

रेसिपीचं पान तिसरं. ते साठेकाकूंकडे आहे आणि त्या सोडणार नाहीत.

निवृत्त_उपसंपादक

ताई, तुमची यादी वाचली. विषय संपलेले नाहीत, तुम्ही ते घाऊक भावात काढलेत. "वाशीचा हापूस" हा विषय नाही, तो अख्खा हंगाम आहे. मी पेपरात होतो तेव्हा नव्या मुलांना एकच काम द्यायचो: या बातमीतली एक वस्तू उचल आणि तिच्या मागे जा.

हापूसमधून पेटी उचला. फक्त लाकडी पेटी. ती कुठल्या लाकडाची, खिळे कोण मारतं, आत पेंढा कसा लावतात, एका पेटीत कधी चार डझन तर कधी आठ डझन कसे बसतात, आणि गिऱ्हाईकाला वरचा थर दाखवून खालचा का दाखवत नाहीत. पुठ्ठ्याचे खोके आल्यावर पेटीचं काय झालं. जुन्या अडत्यांना रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची पद्धत विचारा. एकेका बोटाचा अर्थ काय, तो ठरवला कुणी, भांडण झालं तर साक्षीदार कोण? एवढ्यावरच तुमचं पान भरेल, आणि आंबा गोड असतो हे एकदाही लिहावं लागणार नाही.

तेच एपीएमसी, म्हणजे वाशीचा घाऊक बाजार, उलटं बघा. तिथे पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला, धान्य. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. आपण झोपेत असताना भाजीपाल्याचा दिवस अर्धा संपलेला असतो. आणि हे सगळं ज्यांच्या पाठीवरून जातं त्या माथाडींसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो कायदा समजावत बसू नका. एका माथाडीला एवढंच विचारा की पाठीवर पोतं घ्यायच्या आधी तो डोक्यावरचं फडकं कसं बांधतो. तो बांधून दाखवेल. ते जसंच्या तसं लिहा, बाकीचं आपोआप येतं.

आता "पन्नास वर्षांच्या शहरात जुनं काय" याबद्दल. तुम्ही बसलाय त्याच्यावरच. खाडीपलीकडे जुळं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. ते शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, आली १९७० मध्ये. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. आणि मानखुर्दहून वाशीला लोकल कधी आली? १९९२ च्या मे महिन्यात. मधली एकोणीस वर्षं पूल होता आणि रेल्वे नव्हती. त्या काळात वाशीत राहायला आलेली माणसं रोज फोर्टला कशी पोचत होती? शेवटची बस चुकली तर काय करायची? आजारी माणसाला कुठे न्यायची? त्यातली बरीच आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि तुमच्याच नोटिसबोर्डासमोर उभी राहून तुमचं पान वाचतायत. गिरगावकराला आजोबांच्या आठवणी ऐकीव सांगाव्या लागतात. तुमच्याकडे शहर वसवणारी पहिली पिढी हयात आहे.

वही_पेन (ठाणे)

+१. आणखी एक युक्ती. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ चे आहेत, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. भाषा जड आहे, पण त्यात मीठ कसं पिकवायचे, होड्या कुठल्या, झाडं कुठली, सगळं बारकाईनं दिलंय. आपल्या गावाचं नाव शोधायचं, एक परिच्छेद उचलायचा आणि आज त्या जागी जाऊन उभं राहायचं. तेव्हाचं आणि आताचं. मी ठाण्याच्या जेलबद्दल असंच लिहिलं होतं. बाहेरून ती नुसती भिंत दिसते, पण तो पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे आणि सात वर्षांत मराठ्यांनी तो घेतला. आमच्या इमारतीतले लोक रोज त्याच्यावरून रिक्षानं जातात.

वाचायला जागा हवी असेल तर ट्रान्स-हार्बर लोकलनं सरळ ठाण्याला या. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, जुने दिवाळी अंक चाळायला मिळाले तर तेवढ्यात चार विषय पदरात पडतात. फक्त जुन्या अंकांतल्या जाहिराती वाचा, लेख नंतर.

करावेकर

ताई, तुमचं "जुनं काय शोधणार" वाचून हसू आलं. तुमच्या सेक्टरच्या बाजूला आमचं करावे गाव आहे. सिडकोच्या आधीपासून आहे. तुमची बिल्डिंग उभी आहे तिथे कुणाचं तरी भाताचं खाचर होतं नाहीतर मिठागर.

रागवत नाही. पण विषय हवाय ना, मग हा घ्या. आमच्याकडे भरतीची वेळ मोबाईलवर बघत नाहीत, तिथीवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. दिवसाही आणि रात्रीही. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा. पुनव-अवसेला उधाण, मधे अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही. म्हातारी माणसं हे तोंडी करतात, त्यांना पाढे विचारले तर येणार नाहीत.

आणि फ्लेमिंगोवर परत लिहा. सगळे लिहितात पाहुणे आले, पाहुणे आले. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो, मग ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. म्हणून तुम्हाला तुमच्या गॅलरीतून दिसतात. ती थांबायची जागा गेली तर खाडी अभयारण्य असून उपयोग काय? पाऊणपटीचं गणित करून जा, कधी दिसतील ते कॅमेरेवाल्यांच्या आधी तुम्हाला कळेल.

बाकी आमच्याकडं जिताडा, निवट्या असले खाडीचे मासे, चिंबोऱ्या, पाग (फेकायचं जाळं) टाकणारी माणसं, सगळं आहे अजून. कमी झालंय, पण आहे. १९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठी उरण-जासईकडे गोळ्या खाल्ल्या आमच्या माणसांनी, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. तुमची कमिटी त्याला राजकारण म्हणेल.

नेरुळची_शेजारीण

दादा, हे पाऊणपटीचं मला खरंच माहीत नव्हतं आणि मी इतकी वर्षं इथे राहते. आजच कॅलेंडर काढून दोन तारखा ताडून बघितल्या, वीसेक मिनिटांचा फरक येतोय.

१९८४ बद्दल कमिटीला विचारणार नाही. लिहून देईन, मग बोलतील ते बोलतील.

सेक्टरवाली

मी बेलापूरची. माझा विषय शोधायचा मार्ग फार साधा आहे: लोकांनी काय बदललं ते बघायचं. आमच्याकडे कोरियांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, तशा तीन अंगणांचं मिळून एक मोठं अंगण. घराला सामाईक भिंत नाही, का तर ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवावं. आणि लोकांनी वाढवलं म्हणजे काय वाढवलं! काही मूळ घरं आता ओळखूच येत नाहीत. यावर वास्तुरचनावाले हळहळतात, मला मात्र ते बघायला मजा येते. कुणी देवघरासाठी खोली काढली, कुणी मुलाच्या लग्नासाठी मजला चढवला. तुमच्या सिडकोच्या घरांत कुणी गॅलरी आत घेतली आणि का घेतली, एवढंच विचारत फिरा.

घणसोली_लोकल

आणि मग महापालिकेची नोटीस शेवटच्या पानावर छापा.

नेरुळची_शेजारीण

गॅलरीचं राहू दे, आमच्या अध्यक्षांनीच आत घेतलीय.

मी ठरवलंय, पहिल्यांदा उपसंपादक काकांचा पूल होता-रेल्वे नव्हती हा विषय. तळमजल्यावरचे एक आजोबा ७८ सालापासून वाशीत होते, नंतर इकडे आले. त्यांना विचारायला गेले तर "तेव्हा फार कष्ट होते, आताच्या पिढीला कल्पना नाही" याच्या पुढे गाडी जाईना. काय विचारू?

निवृत्त_उपसंपादक

"तेव्हा कसं होतं" विचारलंत ना? त्या प्रश्नाला प्रत्येकजण भाषणच करतो. घरातून कितीला निघायचात? बस कुठे धरायचात, मानखुर्दला उतरायचात की थेट सायन? डबा कोण भरायचं आणि ते किती वाजता उठायचं? गॅसचा सिलिंडर कुठून यायचा? पुलावर बस बंद पडली तर? पाहुण्यांना पत्ता कसा सांगायचात? पत्त्याचा प्रश्न सोडू नका, सेक्टर नंबर सांगून नातेवाईक पोचायचे नाहीत, त्यात हमखास एक किस्सा निघतो.

आणि आजींना वेगळं बसवून विचारा. नोकरीवाले आजोबा दिवसभर मुंबईत असायचे. त्या ओसाड वाशीत दिवस काढला तो आजींनी.

नेरुळची_शेजारीण

हे फार उपयोगी आहे काका. फोनवर रेकॉर्ड करू का?

निवृत्त_उपसंपादक

वही न्या. फोन टेबलावर ठेवला की माणसं सरळ बसतात आणि छापील बोलायला लागतात. आकडे आणि नावं तेवढी समोरच परत वाचून दाखवा, साल हमखास चुकतं. आजोबा ७८ म्हणतायत, तर वाशीच्या घराचं वाटपपत्र बघायला मागा. सिडकोच्या घरवाल्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेलं असतं.