घरचा ब्रेड एकसारखा कापायला काय घ्यावं? – सोसायटी किचन ग्रुप

ए-१०३ : नमस्कार मंडळी. घरच्या ब्रेडच्या स्लाइस वरून १ सेंमी आणि खाली २ सेंमी होतायत. टोस्टरमध्ये जाड बाजू अडकते, पातळ बाजू करपते. कापायचा साचा घ्यावा, इलेक्ट्रिक सुरी घ्यावी की मशीनच घ्यावं? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

बी-४०२ काकू : आधी चार गोष्टी सांग. टिनचं माप किती? पीठ कोणतं? सुरी केवढी? आणि ओव्हनमधून काढल्यावर किती वेळाने कापतेस?

ए-१०३ : टिन २० × १० सेंमी. ३०० ग्रॅम पीठ, अर्धा मैदा अर्धी कणीक. सुरी दातेरी आहे, पातं १५ सेंमी. साधारण २० मिनिटांनी कापते, कोमट असताना.

बी-४०२ काकू : मग निम्मं उत्तर इथेच आहे. २० मिनिटांनी ब्रेड बाहेरून कोमट लागतो, आत अजून चांगलाच गरम असतो. आतला स्टार्च तेव्हा ओल्या लगद्यासारखा असतो, वाफ बाहेर पडत असते. सुरी लावली की गर दबतो, पात्याला चिकटतो, आणि पात्यावर चिकटलेला गोळा पुढच्या कापाला बाजूला ढकलतो. टिनमधून लगेच काढून जाळीवर ठेव, नाहीतर तळाला घाम सुटतो. मैद्याच्या ब्रेडला दीड ते दोन तास, कणीक असेल तर तीन तास. तळावर हात ठेवलास तर गार लागला पाहिजे. हे पाळलं नाही तर कितीही महागडं मशीन आणलं तरी स्लाइस वाकडीच निघणार.

बी-४०२ काकू : अगदी लुसलुशीत दुधाचा ब्रेड असेल तर गार झाल्यावर २०-२५ मिनिटं फ्रीझरला ठेव. कडक नाही करायचा, जरा आवळून धरेल इतकाच. मग बोटाखाली चेपत नाही.

सी-२०१ : आता सुरीबद्दल. वर पातळ आणि खाली जाड हा हाताचा दोष नाही, पात्याचा आहे. बहुतेक दातेरी सुऱ्यांना एकाच बाजूने उतार घासलेला असतो, दुसरी बाजू सपाट. ब्रेड उताराला ढकलतो आणि पातं सपाट बाजूकडे सरकत जातं. उजव्या हाताच्या सुरीत सपाट बाजू डावीकडे असते. म्हणजे खाली जाताना पातं डावीकडे, ब्रेडच्या आत शिरतं आणि स्लाइस खाली फुगते. तीच सुरी डावखुऱ्याने वापरली तर उलट, स्लाइस खाली निमुळती होते.

ए-१०३ : अगदी हेच होतंय! सुरीची डावी बाजू खरंच सपाट आहे.

सी-२०१ : तात्पुरता उपाय म्हणजे पात्याची पाठ किंचित डावीकडे झुकवून धर. फार नाही, ४-५ अंश. पहिला सेंटीमीटर कापल्यावर थांब, ब्रेडच्या पलीकडच्या अंगाला सुरीचं टोक कुठे आलंय ते बघ. तिथे रेघ चुकली असेल तर अजून सावरता येते. निम्म्याच्या खाली गेल्यावर सावरायला गेलीस तर पायरी पडते.

कायमचा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी उतार असलेली लांब सुरी. लांबीचा हिशोब सोपा, ब्रेडची रुंदी अधिक किमान ८-१० सेंमी. तुझा ब्रेड वर फुगून ११-१२ सेंमी होत असणार, म्हणजे २० सेंमीच्या खाली नको, २५ असेल तर उत्तम. १५ सेंमीच्या पात्याला पुढेमागे जायला जागा जेमतेम ३-४ सेंमी उरते. मग माणूस नकळत वरून दाबतो. दाबलं की ब्रेड वाकतो आणि वाकलेला ब्रेड सरळ कापला तरी सोडल्यावर तिरका दिसतो.

डी-६०४ आजोबा : विळीवर नाही का होणार? पूर्वी सगळं विळीवरच व्हायचं.

बी-४०२ काकू : आजोबा, विळीची धार गुळगुळीत. खोबरं, भाजी, आंबा यांना ती फार छान. ब्रेडचं वरचं कवच कापायला मात्र करवतीसारखे दात लागतात. गुळगुळीत धारेवर कवच फाटायच्या आत खालचा गर चेपतो. शिवाय विळीवर वस्तू हातात असते, जाडी अंदाजाने राहते.

सी-२०१ : दातांचेही प्रकार आहेत. टोकदार दात कडक कवचात पटकन शिरतात, पण चुरा जास्त पाडतात. गोलसर लाटांसारखे दात मऊ सँडविच ब्रेडला चांगले, काप स्वच्छ येतो. तुझ्या ब्रेडला लाटांचे घे. सावरडोचा, म्हणजे घरच्या आंबवलेल्या खमिराचा, जाड कवचाचा गोल ब्रेड करत असशील तर टोकदार. पावसाळ्यात कवच सर्द होऊन चामड्यासारखं होतं, त्यावर बोथट सुरी नुसती घसरते, हेही लक्षात ठेव.

ए-३०१ : सुरीपेक्षा साचा स्वस्त पडेल ना? ऑनलाइन प्लास्टिकचे आणि बांबूचे दोन्ही दिसतायत.

सी-५०३ : साचा म्हणजे सुरीला वाट दाखवणारी चौकट, सुरी लागतेच. आणि साच्याच्या फोटोत कधीच कळत नाहीत अशी दोन मापं आहेत, ती विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नका.

पहिलं, आतली रुंदी. टिन १० सेंमीचा असला तरी ब्रेडची टोपी बाहेर येते. सगळ्यात रुंद जागा पट्टीने मोजा. तो ११.५ निघाला आणि साचा ११ चा असला तर ब्रेड कोंबावा लागतो, मग कापलेली स्लाइस चौकटीतून सोडवतानाच तुटते. साचा १४ चा असला तर ब्रेड आत फिरतो. तेव्हा तो एका भिंतीला टेकवून धरायचा.

दुसरं, खाचेची रुंदी. पातं २ मिमी जाड आणि खाच ४ मिमी असेल तर सुरीला २ मिमीचा खेळ मिळतो. पुढच्या खाचेत ती एका कडेला, मागच्या खाचेत दुसऱ्या कडेला लागली की काप तिरका गेलाच. खाच पात्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी, एवढीच हवी.

सी-५०३ : प्लास्टिकच्या साच्याचा एक दोष सांगतो. दात खाचेच्या भिंतीला घासतात आणि बारीक कीस पडतो, तो ब्रेडबरोबर पोटात. बांबूला ते कमी, पण बांबू पावसाळ्यात बुरशी धरतो. धुऊन लगेच पुसायचा, उभा वाळवायचा, बंद कपाटात ओला ठेवायचा नाही.

बी-१०४ : सुताराकडून करून घेतला तर? मापाचा होईल.

सी-५०३ : उत्तम कल्पना, आणि मला सगळ्यात हीच आवडते. दोन उभ्या फळ्या, एक तळफळी, सागाच्या किंवा बीचच्या, १२ मिमी जाड. आतली रुंदी = ब्रेडची सर्वांत रुंद जागा + ३ मिमी. दहा खाचा पाडायच्या भानगडीत पडू नका. समोरासमोर एकच खाच आणि पुढे सरकणारा अडथळ्याचा ठोकळा. ठोकळा खाचेपासून १२ मिमीवर पक्का केला की प्रत्येक वेळी ब्रेड त्याला टेकवायचा आणि कापायचं. एका खाचेमुळे जाडी प्रत्येक वेळी तीच. खाच सुताराने तुमचीच सुरी आणून, तिच्या जाडीने पाडायला हवी.

प्लायवूड वापरू नका, कापलेल्या कडेला गोंद उघडा पडतो. वरून पॉलिश नको. खाण्याचं तेलही चोळू नका, महिन्याभरात खवट वास येतो. फूड ग्रेड मिनरल ऑइल (खाण्याच्या वस्तूंना चालणारं, खवट न होणारं खनिज तेल) मिळालं तर लावा, नाहीतर कोरंच ठेवा.

ए-१०३ : १२ मिमीच का?

सी-५०३ : सँडविच टोस्टरमध्ये तेवढीच नीट बसते. १५ च्या वर गेलात तर झाकण दाबताना सारण बाहेर येतं. नुसत्या टोस्टला १५ चांगली, बाहेर कुरकुरीत आत मऊ. २० सेंमीच्या ब्रेडच्या १२ मिमीने साधारण १६ स्लाइस, दोन टोकं धरून.

डी-२०२ : माझी मावसबहीण अमेरिकेतून येतेय, तिथली इलेक्ट्रिक सुरी मागवू का? ए-१०३ ताईंनाही आणायला सांगते.

सी-२०१ : अमेरिकेची नको. तिथे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. नुसता पिनचा अडॅप्टर लावून चालवली तर मोटर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर सुरीपेक्षा जड होईल. इंग्लंड किंवा जर्मनीहून कुणी येणार असेल तर तिथलं २३० व्होल्टचं चालतं, फक्त पिन बदलावी लागते.

आणि इलेक्ट्रिक सुरीने काम हलकं होतं, सरळपणा येत नाही. तिची दोन पाती आपापसांत पुढेमागे घासतात म्हणून दाबावं लागत नाही. दिशा हातच देतो. मनगट किंवा खांदे दुखणाऱ्यांसाठी ती खरोखर उपयोगी, म्हणून आजोबांसारख्यांनी विचार करावा.

बी-१०४ : आणि ते गोल पात्याचं मशीन?

सी-२०१ : फिरणारी दातेरी चकती, साधारण १७ सेंमी व्यासाची. जाडी खुंटीने ठरते, बहुतेकांत २० मिमीपर्यंत. जाडीच्या बाबतीत याला तोड नाही. अडचणी तीन. ओट्यावर जागा खातं. चिकट किंवा कोमट ब्रेड चकतीवर लपेटतो. शेवटचे ३-४ सेंमी ढकलपट्टी लावूनच सरकवायचे, बोटांनी कधीच नाही. चकती काढताना प्लग आधी भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. रोज दोन ब्रेड लागत असतील तरच घ्या. आठवड्याला एका ब्रेडसाठी नको.

ए-३०१ : आमची दातेरी सुरी बोथट झालीय, परवा धारवाला येतोय. त्याला द्यावी का?

बी-४०२ काकू : नको! चाकाच्या सपाट दगडावर दात घासून जातात, मग ती साधी सुरी होते. दातेरी सुरीला निमुळती गोल धारकांडी लागते. उताराच्या बाजूने एकेका खोबणीत कांडी बसवून दोन-तीन वेळा, उताराच्याच कोनात. मग सपाट बाजूने कांडी पात्याला सपाट टेकवून एकदा हलकेच फिरवायची, धारेवर उभी राहिलेली बारीक कड निघते. वर्षातून एकदा पुरे, मात्र सुरी लाकडी पाटावर वापरत असाल तरच. काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर दात दोन महिन्यांत जातात.

ए-१०३ : म्हणजे मी सुरी घेते आणि साचा सुताराकडून?

बी-४०२ काकू : सुरी आधी. २५ सेंमी, लाटांचे दात, मूठ पात्यापेक्षा वर उचललेली, म्हणजे बोटांची पेरं पाटाला लागत नाहीत. दोन ब्रेड त्या सुरीने काप. ब्रेड आडवा, कुशीवर झोपवून कापून बघ, फुगलेली टोपी चेपत नाही. तरी तिरकं आलं तरच सुतार.

सी-५०३ : आणि अजून एक, टिनला झाकण घे. झाकणाच्या टिनमधला ब्रेड चौकोनी निघतो, टोपी नाही, मग साच्याचं माप कायम तेच राहतं. २० × १० × १० सेंमी टिनमध्ये २ लिटर जागा. २००० मिलीला ४ ने भागायचं, म्हणजे ५०० ग्रॅम मळलेलं पीठ. तुझं ३०० ग्रॅम पीठ आणि १९० ग्रॅमच्या आसपास पाणी बरोबर बसतं. कडेपासून दीड-दोन सेंमी खाली असतानाच झाकण लाव.

डी-६०४ आजोबा : सगळा ब्रेड एकदम कापून ठेवावा का?

बी-४०२ काकू : लागेल तेवढाच कापावा, आजोबा. कापलेली प्रत्येक बाजू वाळते. रोवेडर नावाच्या माणसाच्या मशीनवर कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ ला अमेरिकेत, मिसुरीतल्या चिलिकोथी गावात पहिल्यांदा विकला गेला, तेव्हा बेकरीवाल्यांची हीच हरकत होती. म्हणून त्याला कापल्या कापल्या कागदात घट्ट गुंडाळायचीही सोय मशीनमध्ये करावी लागली. आठवडाभराचा ठेवायचा असेल तर कापून, दोन-दोन स्लाइसमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरला. खालच्या फ्रीजमध्ये नको, तिथे ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो.

ए-१०३ : आज चारला ब्रेड ओव्हनमधून निघेल. कणीक आहे, म्हणजे सातला कापते. काकू, तुमची २५ सेंमीची सुरी तासभर मिळेल का?

बी-४०२ काकू : साडेसहाला घेऊन जा. पातं पुठ्ठ्यात घातलेलं आहे, जिन्यात काढू नकोस. आणि ब्रेडची रुंदी पट्टीने मोजून इथे टाक.