पहिल्या मैफलीला तुम्ही किती पैसे दिले होते?

फोंडेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात मुलीच्या आग्रहावरून एका लोकप्रिय गायकाच्या कार्यक्रमाची तिकिटे पाहिली. चौघांची मागच्या भागातली तिकिटे, त्यांवरचा कर आणि संकेतस्थळाचे सुविधा शुल्क मिळून रक्कम 11,000 रुपयांच्या वर गेली, तेव्हा मी काही न बोलता मोबाइल खाली ठेवला. मुलगी समजूतदार आहे, तिने पुन्हा विषय काढला नाही. पण मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

माझी पहिली मैफल वास्कोच्या दामोदर सप्ताहातली. 1979 साल असावे, मी आठ वर्षांचा होतो. रस्त्यावर अंथरलेल्या ताडपत्रीवर वडिलांच्या मांडीला टेकून, श्रावणातली सर अंगावर घेत, पहाटेपर्यंत गाणे ऐकले. तिकीट नव्हतेच. तिकीट काढून ऐकलेली पहिली मैफल 1987 मधली, पणजीच्या कला अकादमीत. चार्ल्स कोरिया यांची ती वास्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती आणि मांडवीच्या काठावर, कांपालच्या झाडांखाली रांगेत उभे राहण्यातही एक अप्रूप होते. तिकीट 15 रुपये, शिवाय येण्याजाण्याचे बसभाडे. महागाई बारा पट वाढली असे धरले तरी त्या 15 रुपयांचे आज 180 रुपये होतात. मग बाकीची रक्कम कशाची? की त्या काळी माझ्या वाट्याचे पैसे दुसरेच कोणी भरत होते आणि मला ते कळले नाही? आपापल्या पहिल्या मैफलीची आठवण सांगावी आणि या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असल्यास तेही लिहावे, ही विनंती.

वास्कोकर

आपण ज्या ताडपत्रीवर बसला होता, ती वर्गणीतून आलेली होती. सप्ताहात दामोदराच्या देवळात चोवीस तास अखंड भजन चालते आणि बाहेर निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे त्यांची मंडळे, आपापल्या बैठकी करतात. गवयाची बिदागी, साथीदार, मांडव, चहा-फराळ, या सगळ्याचा खर्च त्या त्या पाराचे लोक दुकानोदुकानी आणि घरोघरी फिरून उभा करतात. माझे वडील पावतीपुस्तक घेऊन फिरत असत आणि एखाद्या दुकानदाराने हात आखडता घेतला, तर संध्याकाळी पुन्हा त्याच दारात जात. ऐकणाऱ्याला फुकट असले, तरी गावाला ते कधीच फुकट नव्हते.

म्हापशाचा आयोजक

मी गेली एकवीस वर्षे एका लहान संस्थेसाठी शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम करतो, म्हणून हिशेबाची बाजू सांगतो. प्रसिद्ध गायकाच्या मोठ्या कार्यक्रमांचे अर्थकारण मला ठाऊक नाही, त्याविषयी बोलणार नाही. आमच्यासारख्यांचे तिकीट 100 वरून 500 वर कसे आले, एवढेच सांगू शकतो.

पहिले कारण म्हणजे वेळ. पूर्वी रात्री नऊला सुरू झालेली मैफल भैरवीने संपे, तेव्हा उजाडलेले असे. एका तिकिटात तीन-चार कलाकार ऐकायला मिळत. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे आणि वर्षातले मोजके पंधरा दिवस राज्य सरकार ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. ध्वनिप्रदूषणाचा त्रास खरा आहे, म्हणून मी या नियमाविरुद्ध नाही. पण त्यामुळे आम्ही सभागृहात गेलो, तीन तासांत आलो आणि सभागृहाचे भाडे, ध्वनियोजना, प्रकाशयोजना हा सारा खर्च त्या तीन तासांवर पडला.

दुसरे कारण प्रवास आणि मुक्काम. कलाकार पूर्वी आदल्या दिवशी गाडीने येत आणि कोणाच्या तरी घरी उतरत. घरच्या बायका त्यांना पथ्याचे जेवण करून घालत आणि त्या कष्टांची नोंद कोणत्याच ताळेबंदात झाली नाही. आता विमानाची तिकिटे आणि हॉटेलच्या खोल्या लागतात, आणि गाण्याचा हंगाम जो, तोच आमच्याकडे पर्यटनाचाही हंगाम. डिसेंबरात पाच माणसांच्या दोन रात्रींचा मुक्काम हाच कधी कधी सर्वांत मोठा खर्च ठरतो.

तिसरे कारण कर. माणशी 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यापुढे पूर्ण रकमेवर 18 टक्के लागतो. संस्थेच्या हाती 600 रुपये यावेत असे वाटले, तर श्रोत्याला 708 मोजावे लागतात. ही 250 रुपयांची मर्यादा 2018 च्या जानेवारीत 500 झाली, तेव्हा आम्हाला फार मोठा आधार वाटला होता. त्यानंतर खर्च वाढत गेले आणि मर्यादा तिथेच राहिली.

मडगावची मुलगी

वयाने मी येथे सर्वांत लहान असेन. माझी पहिली मोठी मैफल म्हणजे कोल्डप्लेचा जानेवारी 2025 मधला नवी मुंबईतला कार्यक्रम. तिकिटे 2,500 पासून 35,000 रुपयांपर्यंत होती. ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे लाखो माणसे होती आणि तिकीट मिळाले ते केवळ एका मैत्रिणीचा क्रमांक पुढे लागल्यामुळे. दुपारपर्यंत तीच तिकिटे काळ्या बाजारात कित्येक पटींनी विकली जात होती, याचा राग मला अजून आहे. कोकणकन्येने पनवेलला उतरले, तिथून लोकलने नेरूळ, आणि मुक्काम वाशीला मावशीकडे. वर्षभराच्या शिकवण्यांचे पैसे त्यात गेले. तरीही खोटे कशाला बोलू: पहिले गाणे सुरू झाले आणि हजारो मनगटांवरचे दिवे एकदम उजळले, तेव्हा मी रडले.

फोंडेकर काका, आपल्या मुलीला गप्प बसवू नका. तिला किती पैसे लागतात हे सांगा आणि निम्मे तिला जमवू द्या.

पेटीवाला

वर प्रश्न आला आहे की पैसे दुसरे कोणी भरत होते का. होय. मी भरत होतो.

1991 पासून मी पेटीची साथ करतो. जत्रा, काला, सप्ताह, नाट्यप्रयोग, सभागृहातल्या मैफली, सर्व ठिकाणी बसलो आहे. पहिली कितीतरी वर्षे माझी बिदागी म्हणजे श्रीफळ, बसभाडे आणि कार्यक्रमानंतरचे जेवण. कधी पाकीट मिळे, त्यात 51 रुपये असत. घर शिकवण्यांवर चालले आणि लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारले की हा दिवसा काय करतो. श्रोत्यांना जे तिकीट स्वस्त वाटले, त्यातला एक वाटा साथीदारांनी स्वतःच्या संसारातून काढून दिलेला आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच भूमीतल्या, असे आपण अभिमानाने सांगतो; परंतु त्यांच्यामागे बसलेल्या सारंगीवाल्याचे, तबलजीचे नाव किती जणांना सांगता येईल?

म्हणून तिकीट 500 झाले याचे मला दुःख नाही. आज मला त्यातून बरे मानधन मिळते. दुःख दुसऱ्या गोष्टीचे आहे. पुढच्या चार रांगा पाससाठी राखून ठेवलेल्या असतात आणि पास घेणारे निम्मे लोक येतच नाहीत. रंगमंचावरून मला समोर रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि पलीकडे, दाराशी, पैसे नाहीत म्हणून घुटमळणारी माझीच शिष्यमंडळी दिसतात.

फोंडेकर

सर्वांचे आभार. पेटीवाले, आपले लिखाण मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. मुलीशी बोललो, 11,000 चा बेत आम्ही सोडला आहे, मात्र तिच्या एकटीच्या तिकिटाचे निम्मे पैसे ती सुट्टीत जमवणार आहे. यंदाच्या श्रावणात तिला वास्कोला नेणार आहे आणि वास्कोकरांच्या पाराची पावती तिच्याच नावाने फाडायची आहे.

म्हापशाच्या आयोजकांना एकच विचारतो: त्या पासच्या खुर्च्यांचे काही करता येईल का?

म्हापशाचा आयोजक

पास आमच्याकडेही आहेत, देणगीदारांना नाही म्हणता येत नाही. पण तिसरी घंटा झाल्यावर जी खुर्ची रिकामी असेल ती विद्यार्थ्यांची, असे पासवर छापता येईल. समितीची बैठक रविवारी आहे. विषय माझ्या नावावर घातला आहे.