मुंबई–न्यूयॉर्क: अंतर किती छापायचे आणि वेळ कशी?

नमस्कार मंडळी,
प्रवास-माहितीपत्रकासाठी मुंबई आणि न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर हवं आहे. एके ठिकाणी १२,५३० किमी मिळतं, दुसरीकडे १२,५५०. शिवाय भारतात जाताना साडेचौदा तास आणि येताना सोळा, हे बरोबर आहे का?
— माहितीपत्रक समिती

ताई,
दोन्ही अंतरं बरोबर आहेत. पृथ्वी अचूक गोल धरली, तर दोन्ही विमानतळांमधला, पृथ्वीच्या केंद्रापाशी मोजलेला कोन ११२.७ अंश येतो. एका अंशाला १११.२ किमी, या हिशेबाने १२,५३० किमी होतात. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचं गणितात घेतलं की आकडा थोडा वाढतो. "सुमारे १२,५५०" छापा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. सर्वांत जवळची वाट न्यूयॉर्कहून ईशान्येला निघते, आइसलंडच्या पूर्वेला जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढते आणि मग खाली वळते. विमान नेमकं त्याच वाटेने जात नाही. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, पाकिस्तानचं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद झालं. त्यात वारा पाहून मार्ग रोज नव्याने आखला जातो. सुमारे ५ टक्के वळसा धरला तर सुमारे १३,१५० किमी.

आता वेळ. हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वाऱ्याचा सरासरी जोर ५० किमी धरा. पूर्वेकडे जाताना पश्चिमी वारे पाठीशी असतात: १३,१५० भागिले ९५०, म्हणजे १३ तास ५० मिनिटं. येताना ते समोरून येतात: भागिले ८५०, म्हणजे १५ तास २८ मिनिटं. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं यांची ४० मिनिटं दोन्हींत मिळवा. साडेचौदा आणि सोळा तास जुळले. हिवाळ्यात वरचे वारे जोर धरतात, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

मंडळी,
एक भर घालते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नये. आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरच्या समान प्रमाणवेळेत आणा. समजा, जुलैत जेएफकेहून दुपारी १२:३० ला निघालात: ४ तास मिळवून १६:३० यूटीसी. मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०: साडेपाच तास वजा करून ०७:०० यूटीसी. प्रवास साडेचौदा तासांचा. न्यूयॉर्कचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, भारताचं बदलत नाही. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा. विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांची गफलत बहुतेक इथेच होते, म्हणून दोन्ही फरक छापा.

आणि "उड्डाणाची वेळ" असं लिहू नका, "गेटपासून गेटपर्यंत" लिहा. वेळापत्रकातली वेळ तीच असते, शिवाय कंपन्या तिच्यात उशिरासाठी थोडी मोकळीकही ठेवतात. त्यामुळे विमान कधीकधी वेळेआधी उतरतं.