फलकावर १०० एमबीपीएस, खोलीत मात्र गोल फिरणारे चक्र: रिसॉर्टमधल्या वायफायविषयी विचारायचे आहे

मृगसर:
गेल्या महिन्यात सासूबाई, यजमान, मुलगी आणि मी असे चौघे दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर पाच दिवस राहिलो. त्यांपैकी दोन दिवस मला कार्यालयाचे काम करणे भाग होते, म्हणून खोली ठरवण्यापूर्वी फोन करून इंटरनेटची चौकशी केली होती आणि "शंभरचे फायबर आहे, काही काळजी करू नका" असे उत्तर मिळाले होते. ते खोटे नव्हते. स्वागतकक्षातल्या टेबलापाशी उभे राहून मी वेग मोजला तेव्हा डाउनलोड ९४ आणि पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ, २० मिलिसेकंद आले.

आमचे कॉटेज मात्र बागेच्या टोकाला, ओळीतले चौथे होते. तिथे पलंगावर बसून मोजले तर डाउनलोड ३.१, अपलोड ०.४ आणि पिंग १८० पासून ९०० पर्यंत कुठेही. गंमत अशी की फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसत होत्या. वीज क्षणभर गेली तरी वायफाय परत यायला सहा-सात मिनिटे लागत, आणि आले की पुन्हा मोबाइल क्रमांक, पुन्हा ओटीपी. शेवटी महत्त्वाची बैठक मी स्वागतकक्षाच्या पडवीत, टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून पार पाडली. माझ्या प्रत्येक वाक्यामागे चेंडूची टकटक सर्वांना ऐकू गेली.

दिवाळीत पुन्हा तिथेच जायचे घरात ठरते आहे, कारण जागा आणि जेवण दोन्ही उत्तम आहे. खोल्यांना मुद्दाम कमी वेग दिला जातो की यंत्रणेतच दोष असतो, हे कसे ओळखावे? आणि खोली ठरवण्यापूर्वी नेमके काय विचारावे?

तारकाम:
मी गेली अनेक वर्षे हॉटेलांमध्ये नेटवर्क बसवण्याचे काम करतो. आपण आकडे टिपून ठेवलेत हे फार चांगले केलेत, कारण निदान त्यांतच आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच वेग मिळतो, म्हणजे बाहेरून येणारी लाइन पूर्ण क्षमतेने चालू आहे आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. बिघाड स्वागतकक्ष आणि चौथे कॉटेज यांच्या मधल्या वाटेत आहे.

काड्यांचे म्हणाल, तर त्या फक्त आपला फोन आणि त्याच्या सर्वांत जवळचे उपकरण यांच्यातल्या संकेताचा जोर दाखवतात. त्या उपकरणाला पुढे काय मिळते आहे, हे त्या सांगत नाहीत. आपल्या कॉटेजबाहेर बहुधा एक रिपीटर टांगलेला असणार. तो स्वागतकक्षाचा क्षीण संकेत पकडतो आणि आपल्याला मोठ्या आवाजात ऐकवतो. एकाच रेडिओवर ऐकणे आणि सांगणे अशी दोन्ही कामे करावी लागत असल्यामुळे अशा प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो, आणि मध्ये दोन रिपीटर असले तर चौथाईवर येतो. त्यातून कोकणातल्या जांभ्याच्या भिंती: जाड, सच्छिद्र आणि पावसाळ्यानंतर कित्येक दिवस ओल धरून राहणाऱ्या. ५ गिगाहर्ट्झचा संकेत वेगवान असतो, पण अशा भिंतीपुढे तो लवकर दम टाकतो. २.४ चा संकेत पार जातो खरा, परंतु त्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. आणि पुष्कळ ठिकाणी सगळी उपकरणे एकाच चॅनेलवर आरडाओरडा करत बसलेली मी पाहिली आहेत.

मुद्दाम घातलेली मर्यादा ओळखणे सोपे आहे. ती असेल तर सकाळी सहाला मोजा किंवा रात्री नऊला, आकडा जवळजवळ तोच येतो, उदाहरणार्थ नेहमी ५, आणि एरवी पिंग स्थिर राहते. आपले पिंग १८० ते ९०० असे उड्या मारते आहे, त्यामुळे इथे मर्यादेचा संशय मी घेणार नाही. खात्री करायची असेल तर खोलीतूनच, बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळाला न करता, थेट तिथल्या राउटरच्या पत्त्यावर पिंग करून पाहावे. तारेने जोडलेली व्यवस्था असेल तर उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आत यायला हवे. तेच शेकड्यांत आले तर दोष आवाराच्या आतला आहे.

यावर खरा उपाय एकच: प्रत्येक कॉटेजपर्यंत तार नेऊन खोलीत स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरचे इंटरनेट वायफायने देणारे उपकरण, बसवणे. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर, त्यापुढे फायबर. मालकाने याऐवजी महागडा राउटर आणून स्वागतकक्षात ठेवला तर चौथ्या कॉटेजला फरक पडणार नाही.

माडाचीवाडी:
ताई, मी गुहागरकडे आठ खोल्यांचे छोटे रिसॉर्ट चालवतो, त्यामुळे हे दुखणे मला आतून ठाऊक आहे. तारकाम यांचे म्हणणे पटते. तार टाकली की काय होते, ते मी सांगतो.

पहिल्यांदा मी तांब्याचीच तार जमिनीखालून नेली. एका पावसाळ्यात उंदरांनी ती दोन ठिकाणी कुरतडली आणि उरलेल्या तारेवर नवीन माड लावताना गड्याची पहार बसली. त्यानंतर मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळीव आला, आवाराबाहेर कुठेतरी वीज पडली आणि एका इमारतीतून दुसरीत गेलेल्या त्या तारेवाटे आलेल्या झटक्याने दोन स्विच (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेट्या) व तीन अ‍ॅक्सेस पॉइंट एकदम गेले. तेव्हापासून इमारतींच्या मध्ये फक्त फायबर, कारण काचेतून वीज वाहत नाही, हा धडा मी पैसे मोजून शिकलो. समुद्राची खारी हवा तर वेगळीच. उघड्या जागी बसवलेल्या कनेक्टरच्या पिना दोन वर्षांत हिरव्या पडतात आणि दोष सापडेपर्यंत महिना जातो.

बाहेरची लाइनही आमच्या हातात नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब रांगेने आडवे झाले. गावोगावचे फायबर पुष्कळदा त्याच खांबांवरून ओढलेले असते, म्हणून वीज आणि इंटरनेट आमच्याकडे एकदमच रुसतात.

वीज गेल्यावर सहा-सात मिनिटे का लागतात, याचे उत्तर बहुतेक वेळा जिन्याखाली सापडते. मालकाने इन्व्हर्टर घेतलेला असतो, त्यावर पंखे आणि दिवे असतात, कार्यालयातला राउटरही असतो. पण मधला एखादा स्विच जिन्याखालच्या साध्या प्लगवर राहून गेलेला असतो. वीज परत आली की तो पहिल्यापासून सुरू होतो, मग त्याच्यावरची उपकरणे एकामागून एक जागी होतात. मी प्रत्येक ठिकाणी राउटरसाठी मिळतात तसे छोटे यूपीएस लावले आणि तक्रार मिटली. हा खर्च लहान आहे. रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना एवढे अवश्य सुचवावे.

कबुलीही देतो. माझ्या जाहिरातीत "सर्व खोल्यांत वेगवान वायफाय" असे तीन वर्षे छापलेले होते, आणि त्या काळात मी एकदाही खोली क्रमांक सातमध्ये बसून वेग मोजला नव्हता. पाहुण्यांचे पहिले प्रश्न एसी आहे का आणि सुरमई मिळेल का हे असतात, म्हणून आपले लक्षही तिकडेच राहते.

लॅपटॉपवाला:
मालकांची अडचण समजते, परंतु "सर्व खोल्यांत" हे शब्द छापले की ते ग्राहकाला दिलेले आश्वासन ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्पष्ट तरतूद आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एका बिघडलेल्या बैठकीसाठी मी स्वतः तिथवर जाणार नाही. मात्र आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारून ठेवतो, कारण लेखी उत्तर देताना माणूस जरा उठून पाहून येतो.

मी महिन्यातले दहा दिवस कुठल्या ना कुठल्या रिसॉर्टमधून काम करतो. "वायफाय आहे का" हा प्रश्न मी केव्हाच सोडून दिला. त्याचे उत्तर नेहमी होच असते. मला जी खोली मिळणार आहे त्याच खोलीत, शनिवारी रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे सगळे पाहुणे जेवून मोबाइलवर सामना किंवा मालिका लावून पडलेले असताना, वेग मोजून त्याचे छायाचित्र पाठवा, एवढेच सांगतो. त्यात डाउनलोडपेक्षा अपलोड आधी पाहतो. दोघांच्या साध्या ७२० दर्जाच्या व्हिडिओ संभाषणाला दोन्ही दिशांनी सुमारे १.२ एमबीपीएस पुरतो. या हिशेबाने मृगसर यांचे ३.१ डाउनलोड चालले असते, त्यांना ०.४ च्या अपलोडने आणि उड्या मारणाऱ्या पिंगने बुडवले. सरकारी व्याख्येतसुद्धा जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसच्या खालच्या डाउनलोडला ब्रॉडबँड म्हणत नाहीत, आणि तीही अपेक्षा अगदी माफकच आहे.

ओटीपीचा जाच पूर्ण टळणार नाही, कारण वायफाय कोण वापरते याची नोंद ठेवणे हॉटेलांना भाग असते. परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या क्रमांकावर पुष्कळदा ओटीपी येतच नाही. त्यांच्यासाठी स्वागतकक्षातून छापील कूपन मागून घ्यावे. एकाच दिवसात वारंवार ओटीपी मागितला जात असेल, तर फोनमधला खाजगी वायफाय पत्ता बदलता ठेवलेला नाही ना, तेही पाहावे. पत्ता बदलला की यंत्रणेला आपण नवे पाहुणे वाटतो.

आणि दुसऱ्या कंपनीचे एक सिम जवळ असू द्यावे. त्या खोलीच्या खिडकीत कोणत्या कंपनीची रेंज येते हे व्यवस्थापकापेक्षा तिथले वेटर अचूक सांगतात.

मृगसर:
सर्वांचे मनापासून आभार. आज रिसॉर्टवर फोन करून व्यवस्थापकांना राउटरच्या पिंगची विनंती केली. त्यांनी एका मुलाला लॅपटॉप देऊन चौथ्या कॉटेजमध्ये पाठवले. उत्तर २४० मिलिसेकंद आले. मध्ये दोन रिपीटर आहेत, आणि त्यातला दुसरा फणसाच्या झाडावर प्लास्टिकच्या डब्यात बांधलेला आहे, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. जिन्याखालचा स्विच त्यांच्याकडे जिन्याखाली नसून भांडारघरात निघाला. इन्व्हर्टरवर तोही नव्हता.

दिवाळीपूर्वी फायबर टाकणे त्यांना जमणार नाही. त्याऐवजी त्यांनी स्वागतकक्षाला लागून असलेली पहिली खोली देऊ केली आहे, आणि खिडकीतून तार आत सोडून देतो म्हणाले. त्या खोलीतून समुद्र दिसत नाही, हे मी सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.