चुलती सरपंचपदाला उभी आहे, परिचयपत्रकात काय लिहू?

माणकाठचा

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव, साडेतीनशे उंबरा. सरपंचपद यंदा महिलेला सुटलंय आणि पॅनेलनं माझ्या चुलतीला उभं केलंय. आम्ही तिला अक्का म्हणतो. एक पानी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय, कारण घरातला मीच एकटा पुण्यात बसून कॉम्प्युटर बडवतो.

पॅनेलवाल्यांनी मजकूर पाठवला होता: "धडाडीच्या, कार्यसम्राज्ञी, गोरगरिबांच्या कैवारी" वगैरे. फोनवर वाचून दाखवला तर अक्का म्हणाली, "ही कोण बाई? आपल्या गावातली हाय का?"

खरी अक्का अशी. माहेर जत तालुक्यातलं. लग्न झालं तेव्हा नववी. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरला तेव्हा माझा चुलतभाऊ पाचवीत होता. लोडशेडिंगमध्ये मायलेकरं एकाच चिमणीपुढं अभ्यासाला बसायची. गणितात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा ३८ मार्क. बचत गटाचं दफ्तर चौदा वर्षं तिच्याकडं आहे. पावती दहा रुपयांची का असेना, भाताच्या शितानं वहीत डकवलेली. वही उघडली की झुरळं पळतात, पण हिशेब जागेवर.

आता मुद्द्याचं. 2013 च्या उन्हाळ्यात गावात टँकर चालू होता. तो चावडीजवळच्या आडात ओतायचा आणि वस्त्यांवरची माणसं येईपर्यंत आड कोरडा. अक्कानं वही घातली. हंड्यांवर ऑइलपेंटनं नंबर टाकले, लांबच्या वस्तीचे हंडे आधी, गावठाण मागनं. आमचं घर आडाला लागून, म्हणून आमचा नंबर शेवटून दुसरा. आजी पंधरा दिवस तिच्याशी बोलली नव्हती. भावकी तर अजून म्हणते, "घरच्यांना पाणी दिलं नाही, ती गावाला काय देणार?" आणि भावकीची मतं ऐंशीच्या वर आहेत. हे पत्रकात घालू की गाळू?

शिवाय बॅनरच्या नमुन्यात चुलत्यांचा फोटो अक्काच्या दुप्पट आहे.

आमचा तालुका गणपतराव देशमुखांचा. अकरा वेळा आमदार होऊन एसटीनं फिरणारा माणूस बघितलेल्या लोकांपुढं भपका चालत नाही, एवढं मला कळतं. पुढं सुचत नाही.

निवृत्त ग्रामसेवक

टँकरचं लिहाच, सालासकट. ज्या वस्त्यांना आधी पाणी मिळालं त्यांचीही मतं असतात, ती मोजलीत का?

आश्वासनं जपून द्या. एसटीची फेरी वाढवणं, कालव्याचं पाणी आणणं हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) पैशातला 60 टक्के भाग बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागायचा. म्हणजे अक्कांना ज्यातलं कळतं नेमकं तेच काम. "वर्षातल्या चारही ग्रामसभांत जमाखर्च वाचून दाखवीन" एवढं एक वाक्य टाका. मी नोकरीत असताना 26 जानेवारीची सभा बऱ्याच ठिकाणी झेंड्याखाली दहा मिनिटांत उरकायची. सह्या मागाहून घरोघरी.

पत्रकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापा. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नील करून घ्या, छाननीत तिथंच पाय अडकतो. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, जिंकलं तरी आणि पडलं तरी. शितानं पावत्या डकवणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही म्हणा.

माजी सरपंच, लातूरकडची

दादा, पत्रक राहू दे, फोटोचं आधी बघ.

मी पाच वर्षं सरपंच होते. पहिलं दीड वर्ष मला पंचायतीच्या पैशाचा रंग माहीत नव्हता. बिल अदा करायला ग्रामसेवक आणि सरपंच दोघांची डिजिटल सही लागते. माझ्या सहीचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्ली, आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं. एकदा शर्ट धुवायला टाकला तेव्हा ते माझ्या हाताला लागलं. मी ते धुण्याच्या दगडावरून उचललं ते मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलं. घरात आठ दिवस धुसफूस झाली. नंतर सगळे सरावले.

तेव्हा अक्कांनी डोंगल कुठं ठेवायचं ते आत्ताच ठरवावं. बॅनरवर चुलत्यांचा फोटो नकोच. चिन्ह मोठं घ्या, म्हाताऱ्या बायका चिन्ह बघून बटण दाबतात.

बारका चिमटा

सगळे कौतुकात रमलेत, म्हणून विचारतो. "पॅनेलनं उभं केलंय" असं लिहिलंत. अक्कांना स्वतःला उभं राहायचंय का? महिला राखीव झालं की पॅनेलला एक स्वच्छ नाव लागतं. वहीवाली बाई त्यांना प्रचारापुरती हवी असेल आणि नंतर तीच वही नकोशी होईल.

आणि उद्या कुणी "देवळाला एवढी रक्कम द्या, बिनविरोध करू" म्हणत आलं तर काय सांगणार, तेही ठरवा. 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथं सरपंचपदाच्या लिलावावरून निवडणूक आयोगानं निवडणूकच रद्द केली होती. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या हिवरे बाजारलासुद्धा त्याच वर्षी तीस वर्षांनी मतदान झालं. ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांना, पद्मश्री मिळाल्यावर, मतं मागावी लागली. त्यात कमीपणा काय? सगळ्या जागा त्यांच्याच पॅनेलला आल्या.

माणकाठचा

सगळ्यांचे आभार. बारका चिमटा यांचा प्रश्न झोंबला, म्हणून रविवारी गावी जाऊन आलो.

अक्का म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं. पण आता फॉर्म भरलाय तर माघार नाही." फोटोचं तिनंच चुलत्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, जेवून शेतात गेले. संध्याकाळी पॅनेलच्या पोराला त्यांनीच फोन लावला, "माझा काढ."

पत्रकाचा कच्चा मजकूर तिनं पेन घेऊन तपासला. "समाजसेविका" खोडलं. गणिताच्या नापासाचं मी गाळलं होतं ते परत घालायला लावलं. म्हणे निम्मं गाव गणितात नापास आहे. तिसऱ्यांदाचे ३८ मार्कही खोडायचे नाहीत म्हणाली. टँकरचं ठेवलं, वस्त्यांची नावं तिनंच क्रमानं सांगितली, वही न बघता. आजी बोलली नव्हती ते वाक्य तेवढं काढायला लावलं. "त्या आता नाहीत. त्यांची बाजू कोण छापणार?"

पाचशे प्रती काढतोय. भावकीत वाटायला ती स्वतः जाणार आहे, माझ्याकडं फक्त वस्त्या दिल्यात.