केशरचं कलम आणलंय, जोड मातीत गाडायचा की वर ठेवायचा?

लातूरकर_७७: मंडळी, घराशेजारी थोडी मोकळी जागा आहे, तिथं केशर आंबा लावायचा विचार आहे. नर्सरीतून कलम आणलंय, साधारण कमरेएवढं, काळ्या पिशवीत. शेजारचे काका म्हणतात जोडापर्यंत (केशरची काडी खालच्या गावठी रोपाला जोडलेली असते तिथपर्यंत) मातीत दाबा म्हणजे वाऱ्याने मोडत नाही, नर्सरीवाला म्हणाला वर ठेवा, आता ऐकायचं कुणाचं? खड्डा किती घ्यायचा? माती काळी आहे, पाऊस झाला की चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. भिंत आठेक फुटांवर आहे.

बांधावरचा: नर्सरीवाल्याचं ऐका. जोड जमिनीच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. गाडला की तिथं ओल धरते, बुरशी लागून साल कुजते. वाऱ्यासाठी काठी लावा ना, सुतळी सैल बांधायची, खोडाला काचता कामा नये. आणि जोडाच्या खालून कोंब फुटला की लगेच मोडायचा, तो खालच्या गावठी रोपाचा, म्हणजे खुंटाचा असतो, तोच जोरात वाढतो आणि वरचं केशर मागे पडतं. मग लोक म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं.

परसबाग_वाली: खड्डा बागायतीच्या पुस्तकात १ मीटर x १ मीटर x १ मीटर लिहिलेला असतो, तो मुरमाड जमिनीत ठीक, पण भारी काळ्या मातीत त्याचा हौद होतो हो. खड्ड्यात भुसभुशीत माती आणि बाजूला चिकट काळी, मग सगळं पाणी तिथंच तुंबतं आणि मुळं गुदमरतात. आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खोल जाऊ नका, उंचवटा करून त्यावर लावा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, ताज्या शेणात हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते.

बांधावरचा: हे बरोबर बोलल्या ताई. आणि पिशवी! पूर्ण काढायची, खाली भोक पाडून तशीच लावतात काही जण, कमालच आहे. पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर हलक्या हाताने मोकळी करा नाहीतर जमिनीतही ती तशीच गोल फिरत बसतात. मातीचा गड्डा मात्र फुटू देऊ नका.

लातूरकर_७७: भिंतीचं काय? आठ फूट कमी आहे का?

परसबाग_वाली: केशरला कमीच, बागेत दोन झाडांत १० मीटर ठेवतात. छाटून आटोक्यात ठेवता येतं पण दरवर्षी हात घालावा लागेल. जागा कमीच असेल तर आम्रपाली बघा, दशहरी आणि नीलमच्या संकरातली, झाड बुटकं राहतं. चव केशरची नाही, हे आधीच सांगते, नंतर मला बोलू नका.

लातूरकर_७७: घरच्यांना केशरच हवंय :) पलीकडच्या कोपऱ्यात पंधरा फूट मिळतात, तिथंच लावतो. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी अजून आहे, ती असू दे का?

बांधावरचा: जोड नीट भरला असेल तर काढा, खोड जाड झालं की ती सालीत रुतते. ब्लेडने उभी चीर द्या, सालीला लागू न देता. आणि लावायला संध्याकाळची वेळ धरा.